वाघासाठी विणलेला चेहरा

वाघाला फसवायला मी एक टोपी विणली आणि त्या टोपीच्या भरवशावर माझी सासू एकटी जंगलात गेली.

चूक एवढीच. सांगायला एक दम पुरतो. करायला मात्र मी होळीपासून मेहनत घेत होतो.

मी विजेच्या खात्यातला लाईनमन. खांबावरून पडून पाय मोडला असता तर चार लोकांत अभिमानानं सांगता आलं असतं. पण मी पडलो घरात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून, पंख्यावरची जळमटं काढताना. प्लास्टर निघालं तरी काठी सुटेना. तेव्हा बायको मला तिच्या माहेरी घेऊन आली. सावली या तालुक्याच्या गावापासून आत, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं तिथलं गाव. सासरे वारलेले. घरात सासू एकटी. तिला आम्ही मामी म्हणतो. ती मला जवाईबापू म्हणते. पण माझ्याकडून सकाळच्या चहाला उशीर झाला की त्यातल्या ‘बापू’वर जरा जास्तच जोर देते.

बायको तिच्या बहिणीच्या बाळासाठी स्वेटर विणत बसायची. मी खाटेवरून टोमणे मारायचो. दोन काड्या, एक दोरा, यात काय एवढं! एक दिवस तिनं सुया माझ्या मांडीवर टाकल्या. “इतकं सोपं हाये तं तुमीच विना न जी.”

विणलं. पहिला मफलर वीतभर रुंदीनं सुरू झाला आणि संपेपर्यंत लुंगीएवढा झाला, कारण प्रत्येक ओळीला माझ्या सुईवर कुठून तरी नवे टाके जन्माला येत होते. बाळाच्या स्वेटरचा गळा इतका नेमका झाला की बाळाचं डोकं आत गेलं ते बाहेर येईना. पोरगं काळंनिळं होऊन रडायला लागलं आणि शेवटी कात्री लावावी लागली. मोजे विणले, त्यातला एक मला येत होता आणि दुसरा त्या बाळाला. मग एक कानटोपी मात्र जमली. टाका न् टाका बसला, कुठं भोक नाही, कुठं सैल नाही. माणसाचं एक काम चुकून बरोबर आलं की त्याला आवरणं कठीण असतं. मला कुणी आवरलं नाही.

तेवढ्यात जंगलात मोहफुलांचा हंगाम लागला, आणि शेजारच्या गावातली एक बाई वाघानं नेली.

ती मोहफुलं वेचत होती. वाकलेली होती. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतो, असं सगळे म्हणत होते. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिच्या टोपलीतली फुलं तशीच पडून होती, हे ऐकल्यापासून ती टोपली मला डोळे मिटले की दिसायची. गावात दिवेलागणीलाच दारं लागायला लागली. बकऱ्या घरात, कोंबड्या घरात, माणसं घरात. परसात संडासाला जायचं तर मी टॉर्च, काठी आणि आवाज, तिन्ही घेऊन जायचो. एवढ्या मोठ्यानं खाकरायचो की मामी आतून विचारायची, “जवाईबापू, वाघाले काय सांगून राह्यले? आलो म्हनून?”

पण मोह कुणासाठी थांबत नाही. पहाटे फुलं गळायला लागतात, ऊन चढेपर्यंत वेचली नाहीत तर हरणं खातात, अस्वलं खातात, उरलेली सुकून मातीत जातात. म्हणून बायका जायच्याच. फक्त एकटीदुकटी नाही. दिवस उगवल्यावर सगळ्या मिळून रस्त्यावर जमायच्या आणि एकीला राखणीला उभं करायच्या. राखणीची बाई वाकत नाही, वेचत नाही. झाडाला पाठ लावून उभी राहते, कान देते, मधून मधून डबा वाजवते, आणि सारखी बोलत असते. तिची टोपली रिकामी राहते, म्हणून परतताना बाकीच्या प्रत्येकीनं आपल्या टोपलीतली एकेक ओंजळ तिच्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी दुसरी उभी. असा त्यांचा नेम होता, आणि तो शेजारच्या काकूंच्या ताब्यात होता. काकूंचा आवाज असा की त्या रस्त्यावरून बोलल्या की आमच्या घरातली मांजर उठून बसायची.

या नेमात मामीचा जीव मात्र अडकला होता एका झाडात. नाल्याकाठचा मोह. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच्याखाली वेचत होती. फुलं टपोरी, रसाळ, म्हणे सगळ्या जंगलात तशी नाहीत. पण ते झाड दूर. सगळ्या बायकांना घेऊन काकू तिकडं जायला तयार नव्हत्या. नाल्याच्या पलीकडं गवत होतं, माणसाच्या छातीएवढं. रोज संध्याकाळी मामी म्हणायची, “आज बी अस्वलानंच खाल्ला असंन माहा मोह.”

अशातच मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा जंगलात माणसं डोक्याच्या मागे मुखवटा बांधून फिरत होती. वाघ मागून हल्ला करतो. मागेही चेहरा दिसला की बिचकतो, असं त्यात कुणी सांगत होतं. मुखवटे प्लॅस्टिकचे होते. मला वाटलं, प्लॅस्टिकनं घाम येणार, रबर तुटणार, हे काय काम झालं? आपण विणू.

उरलेली सगळी लोकर काढली. चेहरा ताठ राहावा म्हणून दुहेरी विणला. टोपी सरकू नये म्हणून कानांवरून खाली आणली आणि हनुवटीखाली बांधायला नाडी केली. मागच्या बाजूला पांढऱ्या लोकरीचे डोळे, त्यात माझ्या जुन्या शर्टाची काळी बटणं. खाली जाड मिशी. मिशीखाली दात, कारण दात नसलेल्या माणसाला वाघ कशाला भिईल?

बायकोनं टोपी हातात फिरवून पाहिली. “हे कोन हाये?”

“माणूस.”

“मले तं तुमीच दिसून राह्यले. निजून उठल्यावर असेच दिसता.”

त्या संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर मी अंगणात उभा राहिलो. बोलायची मला सवय आहे. गंडेदोरे, ताईत, अंगारा यांच्याविरुद्ध दरवर्षी मीच बोलतो आणि लोक ऐकूनही घेतात. त्या दिवशी मी टोपीवर बोललो. एका आजीला घालून उभी केली, गोल फिरवली. मागून मिशीवाला माणूस दिसला तशी सगळी माणसं हसली. कितीतरी दिवसांनी गाव हसलं होतं. दोघीतिघींनी तिथंच आपल्यासाठी टोप्या विणायला सांगितल्या. माझी छाती फुगली.

मामी हसली नाही. तिनं टोपी घेतली, बटणांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “वाघ खरंच फसते?”

तिथं मला ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. दोन शब्द होते. मी म्हणालो, “शंभर टक्के, मामी.”

काकू म्हणाल्या, “राखनीले मानूस पाह्यजेच. टोपी का बोंबलते?”

“काकू, हे शास्त्र आहे,” मी म्हणालो. शास्त्र हा शब्द मी असा वापरला जसा भगत अंगारा वापरतो. हे माझ्या लक्षात यायला रात्र मधे जावी लागली.

सकाळी उठलो तर मामीची खाट रिकामी. कोपऱ्यातली टोपली नाही. खुंटीवरची टोपी नाही.

आधी मला काही वाटलं नाही. गेली असेल सगळ्यांबरोबर. चूळ भरायला बाहेर आलो तर सगळ्या बायका अजून रस्त्यावरच, दिवस उगवायची वाट पाहत उभ्या. मी विचारलं, “मामी कुठं?”

काकू म्हणाल्या, “ते तं केव्हाचीच गेली, नाल्याकडं. मी म्हनलं, थांब न वो बाई. तं म्हने, मले आता सोबत कायले पाह्यजे? मांगं जवाई हाये.”

तोंडातलं पाणी मी गिळलं.

डोळ्यांपुढं पुन्हा ती पडलेली टोपली आली, आणि या वेळी ती आमच्या घरची होती, कडेला निळ्या दोरीनं शिवलेली. बायको मागं येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला, दारामागची काठी घेतली आणि माझ्याकडं न पाहता काकूंना म्हणाली, “चाला.”

“सगळ्याजनी चाला,” काकू म्हणाल्या. “आन् भाऊ, तुमी राहा घरी. पाय हाये तुमचा असा.”

घरी मी राहू शकत नव्हतो. त्या रिकाम्या खुंटीसमोर बसण्यापेक्षा वाघ बरा, असं मला वाटलं. जंगलाची पहिली झाडं आली तेव्हा मत बदललं. पण तोवर एकट्यानं परत फिरायची हिंमत नव्हती.

सागाची पानं सगळी खाली आलेली. पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. आपलाच आवाज आपल्या मागून येतो आहे असं वाटायचं. बायका दाटीनं चालत होत्या आणि मोठमोठ्यानं बोलत होत्या. काय, तर कुणाच्या सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं, कुणाच्या घरी राशनचे तांदूळ कसे निघाले. एरवी मी त्यावर हसलो असतो. त्या दिवशी कळलं, त्या गप्पा मारत नव्हत्या. त्या वाघाला सांगत होत्या की आम्ही पुष्कळ आहोत. मधेच एकीचा आवाज कापला की लगेच दुसरी उचलून धरायची. माझी बायको एक शब्द बोलत नव्हती. मी काठी टेकत तिच्या मागं. दर चार पावलांनी मान वळवून मी मागं पाहत होतो. एका पळसाच्या बुंध्याला मी दोनदा वाघ समजलो.

नाला जवळ आला तसं वानर ओरडलं.

खॉक. थांबून पुन्हा, खॉक, खॉक.

काकूंनी हात वर केला. सगळ्यांची तोंडं एकदम बंद. इकडं लहान पोरालाही कळतं की वानराचं हे ओरडणं खेळातलं नाही, खाली वाघ दिसल्याचं आहे. पलीकडच्या काठावर ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर ते वानर बसलं होतं आणि मान खाली घालून एकाच जागी पाहत होतं. मी त्याची नजर धरून खाली आलो. गवत. पिवळं, दाट, अजिबात न हलणारं गवत. वारा तर होता. आजूबाजूचं सगळं हलत होतं.

आणि नाल्याच्या अलीकडं, मोहाच्या झाडाखाली, मला मी दिसलो.

मिशी, बटणाचे डोळे, दात. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर तो चेहरा आमच्याकडं रोखून पाहत होता. मामी होती. तिचं तोंड गवताकडं होतं आणि पाठ आमच्याकडं. म्हणजे गवतात जे काही होतं त्याच्या बाजूला तिचं साधं, म्हातारं, खाली घातलेलं डोकं. आणि माझा तो मिशीवाला पहारेकरी राखत होता तो आम्हाला. मग ती फुलं उचलायला पूर्ण वाकली आणि चेहरा वर गेला. आकाशाकडं. वाकल्यावर माणसाच्या डोक्याचा मागचा भाग वर होतो, ही गोष्ट मला तिथं, त्या नाल्याकाठी समजली. विहारात मी आजीला उभी करून फिरवली होती. वाकवून पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे माझ्या.

“मामी!” मी ओरडलो.

ती वळली नाही.

“माय! वो माय!” बायको.

फुलं वेचणं चालूच. वानर आता थांबतच नव्हतं, त्याला दुसरं येऊन मिळालं होतं. काकू डबा बडवायला लागल्या. सगळ्या बायका एकदम ओरडत होत्या आणि ती बाई एकेक फूल उचलून टोपलीत टाकत होती, जणू जंगलात तिच्याशिवाय कुणीच नाही.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा. “काऊन ऐकून नाई राह्यली ते?”

मला माहीत होतं. वयानं मामीला जरा कमी ऐकू यायचं. उरलेलं मी बंद केलं होतं. दुहेरी लोकर, कानांवरून खाली, हनुवटीशी नाडी. एक टाका कुठं सैल नाही. ज्या जंगलात माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी जगतो तिथं मी तिला कान बांधून पाठवलं होतं.

मी सांगितलं की नाही आठवत नाही. बायको पळाली होती. तिच्यामागं काकू, त्यांच्यामागं सगळ्या, एका गठ्ठ्यात, काठ्या आपटत, किंचाळत, शिव्या देत. आणि त्यांच्या मागं उरलो मी. माझा पाय पळेना. त्या उतारावर मी एकटा, पाठीमागं सगळं जंगल मोकळं. ती टोपी त्या क्षणी मला हवी होती, हे मी लपवत नाही. बाईमाणसांनी वाघाच्या अंगावर जावं आणि मी माझी पाठ सांभाळत गोल गोल फिरावं, असा तो देखावा होता.

गवत हललं. एक रेघ उठली आणि नाल्याच्या कडेनं वर वर सरकत गेली. वानरांच्या माना तिच्याबरोबर वळत गेल्या. कुणाला काही दिसलं नाही. पट्टा नाही, शेपूट नाही. फक्त ती रेघ, आणि शेवटी वानरं गप्प झाली तेव्हाची शांतता.

बायकोनं मामीच्या खांद्यावर हात ठेवला तशी ती एवढ्या मोठ्यानं किंचाळली की मी खाली बसलो. मग तिनं आमची तोंडं पाहिली. हनुवटीची नाडी सोडली, टोपी काढली. घामानं केस चिकटलेले. “काय झालं? काऊन आल्या सगळ्या?”

काकूंनी बोटानं नाल्याकडं दाखवलं. ओल्या रेतीत ठसे होते. गवतातून निघून नाल्याच्या मधोमध आलेले आणि तिथून परत गवताकडं वळलेले. शेवटच्या ठशात पाणी अजून भरत होतं.

मामी खाली बसली. तिची टोपली भरलेली होती, फुलं खरंच टपोरी होती. बायकोनं टोपली उचलली. काकूंनी मामीला काखेत हात घालून उभी केली आणि आम्ही परत फिरलो. येताना सगळ्यांनी मामीला मधे घेतलं होतं. कुणी सांगितलं नाही, पण मलाही मधेच घेतलं होतं.

घरी आल्यावर चहा झाला. तो कुणी केला मला आठवत नाही. मी केला नव्हता. बायको आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा हात सोडत नव्हती. मी ओसरीवर बसून टोपी उसवायला घेतली. आधी बटणं काढली. मग एक टोक सापडलं आणि दोरा सरसर सुटायला लागला. विणायला जेवढे दिवस लागले त्याच्या मानानं उसवणं फारच लवकर होतं. चेहरा वरून जायला लागला. डोळे गेले, मिशी अर्धी राहिली. टोप्या सांगितलेल्या दोघी दारावरून गेल्या, माझ्या हातातलं पाहिलं आणि पुढं निघाल्या.

दुपारी ऊन कडक झालं तशी मामी उठली आणि अंगणात चटई टाकून फुलं पसरायला बसली. सकाळपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी काठी टेकत जवळ गेलो. चटईच्या कडेला बसलो. दोन-तीन फुलं उगाच इकडची तिकडं केली. माफी मागायची होती, पण माझं तोंड माफीवरही भाषण करतं.

“मामी,” मी म्हणालो, “आज तुम्हाला काही झालं असतं तर मी गावात तोंड कसं दाखवलं असतं?”

तिनं हातानं फुलं सारखी केली. वर पाहिलं नाही.

“कायले जी? वाघानं खाल्ली असती तं लोकायनं वाघालेच शिव्या देल्या असत्या. तुमचं तं नाव बी कोनी घेतलं नसतं.”